बाहेरचं जेवण महाग पडतं, पण कोणाला?

"मॅडम, बाहेरच्या खाण्यावर आमचा फार पैसा जातो." पूर्वी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांची भांडणं सासरमाहेरावरून असायची. हल्ली दर दोन-चार जोडप्यांमागे एक तरी जेवणाचं बिल घेऊन येतं.

सिंहगड रस्त्यावरचं हे जोडपं त्यांपैकीच (ओळखीचे तपशील बदलले आहेत). दोघंही आयटीत, लेक सहा वर्षांची. नवऱ्याने एक्सेल शीटच आणली होती. महिन्याला 11,400 रुपये.

"पनीरची भाजी 290 ला. वर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, 5 टक्के जीएसटी. घरी दीडशेत होते."

"त्या दीडशेत कांदा कोणी चिरला ते धरलंय?"

"ते काय, घरचंच ना."

बायको खिडकीबाहेर बघत होती.

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली. प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा हट्ट माणसाला जास्त छळतो, असं मानणारी. म्हणून मी कोण बरोबर ते बघत नाही, वाक्यातला 'च' शोधते. त्याचा 'च': जेवण घरीच व्हायला हवं. तिचा: मी रोज करणारच नाही. दोघांना मी एक वही दिली. दोन आठवडे रोज रात्री लिहायचं: पैसे किती, ओट्याशी कोण किती वेळ उभं होतं आणि जेवताना मजा किती आली, दहापैकी.

वही उघडली आणि मीही चकित झाले. घरी मागवलेल्या जेवणाला दोघांचेही तीन-चार गुण. हॉटेलात बसून जेवले तेव्हा तिचे आठ, त्याचे पाच (बिल दिसत होतं ना!). घरच्या जेवणाला त्याचे नऊ, तिचे चार. फक्त एका मंगळवारी, साध्या पिठल्याला, तिने नऊ दिले होते.

"त्या दिवशी काय वेगळं होतं?"

"पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या होत्या. मी सगळ्यांबरोबर बसले." मग बराच वेळ थांबून म्हणाली, "मला हॉटेलचं जेवण फारसं आवडतच नाही. मला बसून, गरम जेवायला आवडतं."

"तू शेवटी जेव असं मी कधी म्हटलंय?"

"म्हटलं नाहीस. तू बसतोस तेव्हा मी तव्याशी असते, एवढंच."

तो शीटकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या कामात मी एक शिकले आहे: अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये. मी उघडलं नाही.

हाच प्रश्न असलेल्यांना मी सांगते, थकव्याची ऑर्डर आणि हौसेचं हॉटेल एका रकान्यात घालू नका. पैसा जास्त जातो तो पहिलीत, आणि मजा तिच्यातच सर्वांत कमी. ती रात्री साडेआठला सुचते, तेव्हा उपदेश चालत नाही. रविवारी करून ठेवलेलं वाटण, मोड आलेली मटकी, कुकरची खिचडी चालते. दहा-बारा रुपयांची पोळी विकत आणली तर घरपण जात नाही. स्वयंपाकाला मावशी असतील तर त्यांचा पगारही घरच्या जेवणाच्या खर्चात धरा. आणि महिन्यातून दोनदा हॉटेलात जात असाल, तर कात्री तिथे लावू नका.

यांचा खर्च सात हजारांवर आला. त्याला पाच हवे होते, कुरकुर चालू आहे. आठवड्यातून दोन रात्री फुलके तो करतो. ते फुगत नाहीत, अशी तिची तक्रार आहे. खाते मात्र तव्यावरून थेट ताटात.