बेसबॉल व्यावसायिक झालं त्या सुरुवातीच्या काळात सर्वाधिक धावा कोणी काढल्या?

एका मोसमाचं विचारत असाल तर बिली हॅमिल्टन. 1894, फिलाडेल्फिया फिलीज, 198 धावा. काही याद्यांत 192 दिसतील, पण विक्रम तरीही त्याचाच राहतो. 1900 नंतर सर्वांत जवळ पोहोचला तो बेब रूथ: 1921 मध्ये 177.

आपण क्रिकेटवाले एका ठिकाणी हमखास फसतो. बेसबॉलमध्ये धाव फटका मारणाऱ्याच्या खात्यात जात नाही. तिन्ही बेस (मैदानातले थांबे) पार करून जो होम प्लेटला, म्हणजे फटका मारायच्या जागी परत येऊन, पाय लावतो, त्याच्या खात्यात जाते. त्यामुळे ही यादी दणकट फटकेबाजांची नाही. हॅमिल्टन जेमतेम साडेपाच फुटी, होमरन क्वचितच. पण फलंदाजीला पहिल्या क्रमांकावर यायचा, हिट किंवा वॉकवर (चार वाईट चेंडूंबद्दल मिळणारा फुकटचा बेस) बेस गाठायचा, मग पुढचा बेस चोरायचा, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत गाठायचा. मागून एड डेलाहँटी आणि सॅम थॉम्पसन त्याला घरी आणायला होतेच. त्या वर्षी या तिघांचीही सरासरी .400 च्या वर होती, म्हणजे दहा प्रयत्नांत चाराहून जास्त हिट! अर्थात 1893 मध्ये पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मागे सरकवून 60 फूट 6 इंचांवर नेलं होतं आणि पिचर अजून चाचपडत होते. 1894 चे सगळेच आकडे फुगलेले आहेत.

मला स्वतःला रॉस बार्न्स जास्त भारी वाटतो. बोस्टनकडून खेळताना नॅशनल असोसिएशन या पहिल्या व्यावसायिक लीगमध्ये तो 1871, 1873 आणि 1875 असा तीनदा धावांत अव्वल. 1876 ला नॅशनल लीग सुरू झाली, हा शिकागोत आला आणि 66 सामन्यांत 126 धावा! सामन्याला जवळपास दोन. बहुतेक क्षेत्ररक्षक तेव्हा उघड्या हातांनीच झेल घ्यायचे, चुका भरपूर व्हायच्या, हे खरं. शिवाय पहिला टप्पा रेषेच्या आत पडला की चेंडू नंतर बाहेर गेला तरी वैध, असा तेव्हाचा नियम. बार्न्स मुद्दाम तसाच फिरकी देऊन चेंडू टेकवायचा. क्षेत्ररक्षक तो आणायला बाहेर धावेपर्यंत हा बेसवर. 1877 ला नियम बदलला आणि बार्न्सही उतरणीला लागला. नियमानेच त्याला संपवलं असं सर्रास लिहितात, मला ते अर्धंच पटतं. त्याच वर्षी तो आजारी पडला होता आणि बरेच सामने खेळलाच नाही.

कारकिर्दीची बेरीज हवी असेल तर एकोणिसाव्या शतकात कॅप अ‍ॅन्सन पुढे आहे, पण तो 27 मोसम खेळला. हॅमिल्टनच्या 1,594 सामन्यांत 1,697 धावा आहेत. हजाराहून अधिक सामने खेळलेल्यांत सामन्यांपेक्षा धावा जास्त असलेले त्याच्याखेरीज दोघेच, हॅरी स्टोव्ही आणि जॉर्ज गोर, आणि तेही त्याच काळातले.