पोटावरचा टाका आडवा, पण पिशवीवरचा?

प्रश्न : पहिल्या वेळी बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं. मुलगी आता अडीच वर्षांची आहे आणि मला सहावा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात, एकदा सिझर म्हणजे पुढचंही सिझरच. नॉर्मल होईल का? बाळंतपणाला माहेरी, तालुक्याच्या गावी जायचं ठरतंय.

उत्तर : सासूबाईंचं वाक्य १९१६ सालचं, न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांचं आहे. तेव्हा गर्भपिशवी उभी कापत. (हे घरी सांगायलाच हवं असं नाही.) आता बहुधा खालच्या भागावर आडवा छेद घेतात, तो चांगला भरून येतो. अशा छेदानंतर प्रयत्न करणाऱ्या शंभरपैकी साठ ते ऐंशी जणींची नॉर्मल होते. बाळ या वेळी डोक्याकडून असेल, तर तुमचं जुनं कारणही उरत नाही. छत्तिसाव्या आठवड्यात ते तपासून घ्या.

पोटावरच्या खुणेवरून मात्र पिशवीवरचा छेद कळत नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर 'एलएससीएस' असेल तर छेद खालचा. तरी तो वर वाढवावा लागला होता का, हे ऑपरेशनच्या नोंदीतच सापडेल. उभा छेद असेल तर नॉर्मलचा विचार सोडा. सोनोग्राफीत वार जुन्या टाक्यावर आहे का, हेही विचारा.

भीती असते ती कळांच्या ताणानं पिशवीचा टाका उसवण्याची. कळा आपोआप आल्या तर साधारण दोनशेत एकीला असं होतं. औषधानं आणल्या तर धोका दोन-तीन पट. मिसोप्रोस्टॉलची गोळी तर शेवटच्या महिन्यांत अशा बाईला कळांसाठी देऊच नये. टाका उसवताना बहुतेकदा आधी बाळाचे ठोके बिघडतात. दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, अंगावरून रक्त जाणं, चालू कळा एकदम थांबणं, यातलं काहीही दिसलं की लगेच ऑपरेशन.

म्हणून माहेरच्या दवाखान्याला आधीच विचारा : रात्री दोनला भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? रक्त कुठून आणता? ठोके सतत नोंदवणारं मशीन आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर सदतिसाव्या आठवड्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणी राहा, नाहीतर ३९ आठवडे भरल्यावर ठरवून सिझर करा. कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर घरी वाट पाहू नका. निघताना ते जुनं कार्ड पिशवीत असू द्या.