रंग विचारून घे

प्रिय मित्रा,

मेडिकल तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या पाटीवरचा आकडा वाचता आला नाही, तेव्हापासून तू कुणाशी धड बोलत नाहीस, असं तुझ्या आईने सांगितलं. मलाही तुझ्यासारखंच लाल-हिरव्याचं रंगांधत्व आहे, म्हणून लिहितोय.

तुझा दोष सौम्य आहे. भडक लाल, भडक हिरवा तुला दिसतोच. अडतं ते फिकट, मळकट रंगांत आणि अपुऱ्या उजेडात. हा जन्मजात दोष वाढत नाही आणि औषधाने जातही नाही. खास चष्म्याने काहींना दोन रंगांतला फरक जास्त उठून दिसतो, पण नजर बदलत नाही. जाहिरात बघून पैसे घालवू नकोस.

कळकळीने सांगतो, अंदाजाने रंग ठरवू नकोस. टायट्रेशनमध्ये, म्हणजे आम्लात अल्कली थेंबथेंब सोडताना, फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा पहिला फिकट गुलाबी रंग आपल्याला उशिरा कळतो, तोवर दोन-चार थेंब जास्त पडलेले असतात. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेव, शेजारच्याला सरळ विचार, ‘आला का गुलाबी?’ प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी सरांच्याही कानावर घाल. घरी विजेचा बोर्ड उघडलास तर जास्त जप. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि हिरवी म्हणजे अर्थिंग. माळ्यावरच्या अंधारात, धूळ बसलेल्या या दोन वायरी मला सारख्याच दिसतात. मेन बंद कर, टेस्टर लाव आणि दुसऱ्या कुणाकडून रंग बघून घेतल्याशिवाय हात घालू नकोस. टोमॅटो हाताने दाबून घेता येतो, त्याचं काही नाही. पाकिटावरची मांसाहाराची खूण आता तपकिरी त्रिकोण झाली आहे, शाकाहाराची मात्र हिरवा गोलच. आकारावरून ओळखता येतं, याचा मला फार आनंद झाला.

शर्ट दाखवून ‘सांग, हा कुठला?’ म्हणणारे भेटतील. एकदा नीट समजावून सांग, रोज परीक्षा देत बसू नकोस.

रेल्वेचं इंजिन चालवण्याची नोकरी आपल्याला मिळणार नाही. सिग्नलवर शेकडो जीव अवलंबून असतात, तो नियम मला पटतो. तपासणीच्या ठिपक्यांच्या पाट्या पाठ करून पास व्हायचा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नकोस. पण प्रत्येक बंद दार इतकं रास्त नसतं. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षण संस्थेने एका विद्यार्थ्याला रंगांधत्वामुळे चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने रंगांध विद्यार्थ्यांना तिथले सगळे अभ्यासक्रम खुले करायला लावले. सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना २०२० पासून वाहन परवानाही मिळतो. तेव्हा कुणी नाही म्हटलं, तर नियम लेखी माग.

आणि आईशी बोल. मुलाला हा दोष आईकडून येतो, हे कुठेतरी वाचून ती स्वतःला बोल लावतेय. तिच्या हातात यातलं काहीच नव्हतं, हे तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मामालाही विचारून बघ. त्याला हे असण्याची बरीच शक्यता आहे, आणि आजवर त्याने ते कुणाला सांगितलं नसेल.

तुझा,
काका