पोटऱ्या जाड दिसतात, म्हणून पळणं सोडू का?

प्रश्न : मी दहावीत आहे. सहावीपासून मैदानावर जाते, ८०० आणि १५०० मीटर पळते. माझ्या पोटऱ्या जाड आणि टणक झाल्या आहेत. वर्गात ‘पैलवान’ म्हणतात. मावशी म्हणते, पळणं बंद कर. स्कर्ट घालायची लाज वाटते, जीन्स पोटरीत अडकते. रात्रीची पोळी सोडली तर पाय बारीक होतील का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : पोळी सोडली असेल तर आजच परत सुरू कर. जेवण तोडून शरीर ठरावीक जागी बारीक होत नाही. पळणाऱ्या मुलीने कमी खाल्लं की आधी दम कमी पडतो, मग पाळी लांबते आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर जाण्याचा धोका वाढतो. हाडं भरण्याचं वय हेच आहे. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा नडगीवर बोटाएवढ्याच जागी दाबल्यावर कळ आली, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखव. एकच पोटरी सुजली, दुखली, तरी दाखव.

आता आकाराचं. पोटरीचा स्नायू कुठे संपतो आणि टाचेमागचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) कुठे सुरू होतो, हे बहुतांशी जन्मतःच ठरतं. स्नायू खालपर्यंत उतरलेला असेल तर पोटरी भरलेली दिसते, पळा किंवा पळू नका. आईच्या, आत्याच्या पोटऱ्या पाहा. पळण्यानेच पोटऱ्या जाड होत असत्या, तर लांब पल्ल्याचे बहुतेक धावपटू इतके काटक दिसले नसते. सराव सोडून फारसं काही बारीक होणार नाही, दम मात्र जाईल.

टणकपणाला मात्र उपाय आहे. सरावानंतर भिंतीला हात टेकून एक पाय मागे घे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ, ३० सेकंद. मग तोच गुडघा किंचित वाकवून ३० सेकंद. प्रत्येक पायाला दोनदा. टाच उचलली गेली तर ताण बसतच नाही. याने पोटरी सैल होते, बारीक नाही.

जीन्स कमरेच्या मापाने घेऊ नकोस. पोटरी-मांडीत बसेल ती घे आणि टेलरकडून मागच्या मधल्या शिवणीतून कंबर आत घेऊन घे. चुडीदारचं माप संध्याकाळी, सरावानंतर, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहून दे. पोटरीच्या घेरात इंचभर ढील ठेवायला सांग, आणि मोहरीसाठी, म्हणजे पायाशी असलेल्या तोंडासाठी, टाच व पायाचा वरचा भाग धरून माप घ्यायला लाव, नाहीतर पाय आत जायचाच नाही. कापड उरेब, म्हणजे तिरपं, कापलेलं हवं. सरळ कापलं तर ताण घेत नाही, बसताना उसवतं. आणि मोज्याचं इलॅस्टिक पोटरीच्या मध्यावर आलं की वरचा भाग उगाच फुगतो. घोट्यापर्यंतचा घे.

नाशिकच्या मुलीला अशा वेळी कोणीतरी सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांचं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं कांस्यपदक हमखास सांगतं. पण चिडवणं पदकाने थांबत नाही. ‘माझ्या पायांवर बोलू नकोस’ एवढंच एकदा स्पष्ट म्हण. तरी चालू राहिलं तर वर्गशिक्षिकेला सांग. मावशीला आईने सांगावं, ते तुझं काम नाही.

आरशासमोर रोज तासभर जात असेल, पायांपायी शाळा बुडत असेल, तर समुपदेशकाला भेट. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.