मुंबईत जाऊन काय खावं?

प्रश्न: भाऊ, विदर्भ एक्सप्रेसनं आमी दोघं मुंबईला चाललो, इकडं तळ्याचीच मासोळी भेटते, तर समुद्राची कुठं खावी अन् बाकी काय सोडू नये?
– एक वाचक, देवळी तालुका

उत्तर: सीएसएमटीला उतरले की समोरच 'आराम' हॉटेलचा वडापाव खा, मग दादर गाठा, मामा काणेंच्या हॉटेलातला बटाटावडा अन् 'प्रकाश' उपहारगृहातलं पियुष, म्हणजे श्रीखंडाचं गोड थंडगार पेय, सोडूच नका. मासोळी दादरच्याच एखाद्या मालवणी खानावळीत, ओला बोंबील रव्यात तळलेला मागा, वरून कुरकुरीत अन् आत एकदम लुसलुशीत, सोबत सोलकढी, नारळाचं दूध अन् कोकम, सावजीच्या तिखटाची सवय असलेल्या पोटाले लय थंड वाटते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून ऑगस्टनंतरच जा खरं तर. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलात बेरी पुलाव खायचा तर दुपारीच पोचा.