बक्षीस घ्यावं की नाही?

हरवलेला पहिलाच कुत्रा मालकाच्या घरी पोचवलास, बरं केलंस. आता पैशांचं. आपण होऊन आकडा काढायचा नाही. मालकाने आधीच बक्षीस जाहीर केलं असेल तर घेण्यात लाज नाही. हरवलेली वस्तू सापडणाऱ्याबद्दलचं, १८७२च्या करार कायद्याचं कलम १६८ तुझ्याच बाजूने आहे. तरी ‘आधी पैसे, मग कुत्रा’ म्हणू नकोस. रिक्षाभाडं, डॉक्टरचं बिल मात्र पावती दाखवून माग.

चतुर्थीच्या फटाक्यांनी बिथरलेली एक कुत्री मी गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातून बांदोड्याला नेली. तिच्या मालकीण आजीने पदराची गाठ सोडून चुरगळलेली पन्नासाची नोट पुढे केली. नको म्हटलं, तर तिचा चेहरा उतरला. मग डबाभर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेतल्या.

आणि हो, कुत्र्याच्या अंगावरची खूण मालकालाच सांगू दे. लॅब्राडोर सापडला की खोटे मालकही उगवतात.