कोलंबसला येताय? मग फुटबॉलबद्दल थोडं

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये बायको-मुलीला घेऊन पुण्याहून अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबसला येताय, नव्या ऑफिसातली मंडळी आत्तापासूनच प्रत्येक कॉलची सुरुवात इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉलने (अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे) करतात, आणि तुमचा एक मित्र सांगतोय की कॉलेजच्या पोरांच्या नावाखाली हा सगळा कंपन्यांचा बाजार आहे, नादी लागू नकोस. घर, शाळा, लायसन्स याबद्दल विचाराल तेव्हा सांगेन. आज फक्त या नादाबद्दल. मी स्वतः त्यात गळ्यापर्यंत बुडालेली आहे, तेव्हा तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

नादी नाही लागलात तर नोकरीत काडीचा फरक पडणार नाही. पण सामन्यांचं वेळापत्रक फ्रिजवर लावल्याशिवाय ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर शनिवारचं काही ठरवू नका. वर्षाला सात-आठ सामने घरच्या मैदानावर असतात. लाखभर माणसं स्टेडियमच्या आत आणि बरीचशी बाहेर, गाड्यांच्या डिक्या उघडून, ग्रिल पेटवून बसलेली. लेन अव्हेन्यू, हाय स्ट्रीट, ३१५ हायवे, सगळं तुंबतं. सामना एकदा सुरू झाला की मात्र दुकानं ओस पडतात. महिन्याचा किराणा भरायला याहून चांगली वेळ नाही. आमच्या मराठी मंडळाची कमिटीसुद्धा गणपती-दिवाळीसाठी शाळेचा हॉल बुक करण्याआधी पंचांग नंतर बघते, फुटबॉलचं वेळापत्रक आधी. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी, ३० तारखेला, भर दुपारी टेक्सासशी पहिला सामना. आरतीला कोण येणार, यावर कमिटीत चांगलीच जुंपली होती.

आता कंपन्यांबद्दल. तुमचा मित्र चुकीचं बोलत नाहीये, पण त्याचं बोट भलतीकडे आहे.

ओहायो स्टेडियम १९२२ चं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. लोक त्याला नुसतं 'शू' म्हणतात. २०२२ मध्ये विद्यापीठाने स्टेडियमचं नाव तसंच ठेवून आतल्या मैदानाला सेफलाइट फील्ड असं नाव दिलं. सेफलाइट ही गाड्यांच्या फुटलेल्या काचा बदलणारी कोलंबसचीच कंपनी. तिची जाहिरातीची धून तुमची मुलगी महिनाभरात गुणगुणायला लागेल. त्या वेळी पुष्कळ नाकं मुरडली गेली. आज ते नाव स्पीकरवरून ऐकू येतं, बाकी कुणी उच्चारत नाही. तुम्हीही उच्चारू नका, नवखे आहात हे लगेच कळतं. शेजारच्या केंटकी विद्यापीठाने २०१७ मध्ये आपल्या कॉमनवेल्थ स्टेडियमचं थेट क्रोगर फील्ड केलं, म्हणजे किराणा दुकानाचं नाव. लुइव्हिल विद्यापीठाच्या स्टेडियमवर पापा जॉन्स या पिझ्झा कंपनीचं नाव होतं. संस्थापकाच्या वर्णद्वेषी शब्दाची बातमी फुटल्यावर २०१८ मध्ये ते रातोरात उतरवावं लागलं. गहुंज्याच्या स्टेडियमला सहाराचं नाव लागलं आणि उतरलं, ते तुम्हाला आठवत असेलच. २०२४ च्या जूनमध्ये तर एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेने, नियमित सामन्यांतही मैदानावरच कंपनीचा लोगो रंगवायला परवानगी दिली.

मला याचं फारसं काही वाटत नाही. लक्ष्मी रोडवरच्या कमानींसारखं आहे ते. कमान बिल्डरची असली म्हणून कुणी गणपती बिल्डरचा म्हणत नाही.

जिथे खरोखर चिमटा बसतो ती जागा वेगळी आहे. बिग टेन या आमच्या विद्यापीठांच्या गटाने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरहून मोठा. त्यानंतर सामना किती वाजता हे वाहिनी ठरवते. फॉक्सला मोठा सामना दुपारी बारालाच हवा असतो, म्हणून ऑगस्टच्या उन्हात टेक्सासचा सामना दुपारी बाराला. संध्याकाळचे दिवे, बँड, दिवसभर रंगत गेलेली गर्दी, यासाठी आम्ही जीव टाकतो आणि ते दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललंय. घड्याळात खेळ साठ मिनिटांचा, पण उठायला साडेतीन तास लागतात. लाल टोपी घातलेला एक माणूस मैदानात येऊन उभा राहतो. तो जोवर हलत नाही तोवर टीव्हीवर जाहिराती चालू आहेत असं समजायचं. नोव्हेंबरच्या बोचऱ्या वाऱ्यात बाकावर बसून त्या टोपीकडे बघताना मला कुठल्याही लोगोपेक्षा जास्त राग येतो. शिवाय चांगल्या जागेचं सीझन तिकीट हवं असेल तर तिकिटाच्या पैशांआधी विद्यापीठाच्या क्रीडा निधीला दरवर्षी 'देणगी'. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने वडिलांपासून घरात चालत आलेली तिकिटं याच पायी सोडली. पण दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात, विद्यापीठ तरी काय करणार.

आणि पोरांचं काय, हा तुमच्या मित्राचा खरा मुद्दा. याचं उत्तर कोलंबसइतकं चांगलं दुसऱ्या कुठल्या गावाकडे नाही. कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगन विद्यापीठाला हरवलं की इथल्या खेळाडूंना पँटच्या आकाराचं छोटं सोन्याचं पदक मिळतं; १९३४ पासूनची प्रथा. २०१० मध्ये उघडकीला आलं की काही खेळाडूंनी ही पदकं, अंगठ्या, जर्सी विकून पैसे घेतले होते आणि टॅटू स्वस्तात काढून घेतले होते. स्वतःला मिळालेली वस्तू विकणं हा तेव्हा गुन्हा. एनसीएएने पाच जणांना पुढच्या हंगामातल्या पाच सामन्यांची बंदी घातली. पुढच्या हंगामातल्या, हे नीट वाचा. कारण मधे ४ जानेवारी २०११ ला न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल (हंगामाअखेरच्या खास सामन्यांना 'बोल' म्हणतात) होता, ज्याच्या नावाआधी ऑलस्टेट ही विमा कंपनी लागते, आणि त्यात खेळायला हे पाचही जण चालले. ओहायो स्टेट ३१-२६ ने जिंकलं. पुढे प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना हे आधीच माहीत होतं असं निघालं, त्यांनी राजीनामा दिला आणि त्या हंगामातले विजय रेकॉर्डमधून पुसले गेले. विमा कंपनीच्या जाहिराती दाखवून झाल्या होत्या, त्या थोड्याच पुसल्या जाणार.

२०२१ च्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवायला मोकळीक मिळाली. २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. जुने लोक म्हणतात, निष्ठा संपली. मी त्यांना क्विन युअर्सची गोष्ट सांगते. टेक्सासचा हा मुलगा शाळेचं शेवटचं वर्ष टाकून २०२१ मध्ये इथे आला, कारण तिथल्या नियमांनी शाळकरी खेळाडूला असे करार करता येत नव्हते. सह्या विकण्याचा त्याचा करार १४ लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या. आमच्यासाठी त्याने एकही पास टाकला नाही आणि डिसेंबरात परत जाऊन टेक्सास विद्यापीठाच्या संघात दाखल झाला. त्याचा इथला रूममेट जॅक सॉयर, कोलंबसच्याच पिकरिंग्टन उपनगरातला पोरगा, इथेच राहिला.

१० जानेवारी २०२५, शुक्रवारची रात्र, राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी. कॉटन बोल, पण नाव गुडइयर कॉटन बोल, आणि तोही एटी अँड टी स्टेडियममध्ये. म्हणजे टायर आणि टेलिफोन यांच्यामधे कुठेतरी फुटबॉल. आम्ही २१-१४ ने पुढे. चेंडू टेक्सासकडे, आमच्या गोलरेषेपासून आठ यार्डांवर, त्यांची चौथी आणि शेवटची संधी. युअर्स पास टाकायला मागे सरकला आणि सॉयरने त्याला मागून गाठलं. चेंडू हातातून सुटला, सॉयरने तोच उचलला आणि ८३ यार्ड एकटा पळाला. आमच्या बेसमेंटमध्ये कुणाच्या हातातला चहा कुणाच्या अंगावर गेला याचा पत्ता नव्हता. नवरा, ज्याला अजून नियम धड कळत नाहीत, खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. दहा दिवसांनी नोट्र डेमला ३४-२३ हरवून आम्ही विजेते झालो. त्या संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले होते, हे खुद्द आमच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं होतं. सॉयरलाही पैसे मिळाले असणार, मिळावेतच. तो पळाला त्यात मला काही खोट दिसली नाही.

डिसेंबरात सुट्टीत घरी बसलात की 'बोल' सामने लागतील, आणि इथे मात्र कंपन्यांची हौस बघण्यासारखी असते. लोक म्हणतात, पूर्वी कशी सुंदर नावं होती, ऑरेंज, शुगर, कॉटन. अहो, तीही जाहिरातच होती. १९०२ चा पहिला रोझ बोल पॅसाडेनाच्या फुलांच्या उत्सवाचा भाग होता, बर्फात कुडकुडणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाला यावं म्हणून. १९३५ चा ऑरेंज बोल मायामीचा, १९३७ चा कॉटन बोल टेक्सासचा. आधी गावांनी आपला माल मांडला, मग १९८० च्या दशकात कंपन्यांनी त्यापुढे आपलं नाव जोडलं. नव्वदीत लुइझियानाच्या इंडिपेंडन्स बोलला पूलान वीड ईटर, म्हणजे गवत कापायच्या यंत्राचं नाव लागलं तेव्हापासून लाज कायमची गेली. बोइसीला बटाट्याच्या नावाचा सामना होतो आणि जिंकणाऱ्या प्रशिक्षकावर फ्रेंच फ्राइज ओततात. शार्लटला मेयोनेजवाले; तिथे बादलीभर मेयोनेज डोक्यावर. २०२३ च्या डिसेंबरात ऑरलँडोला पॉप-टार्ट्स बोल झाला. पॉप-टार्ट म्हणजे टोस्टरमध्ये घालून खायचा गोड, पोळीसारखा पदार्थ. त्यांचा शुभंकर हसत हसत एका अवाढव्य टोस्टरमध्ये उतरला, खालून भाजलेला खराखुरा भलामोठा पॉप-टार्ट बाहेर आला आणि जिंकलेल्या कॅन्सस स्टेटच्या पोरांनी तो तोडून खाल्ला. मुलीला हे नक्की दाखवा. जाहिरात करायची तर अशी उघडपणे, नाचून करावी. 'देणगी' म्हणून हळूच खिशात हात घालण्यापेक्षा हे मला केव्हाही परवडतं.

तिकिटांचं म्हणाल तर पहिल्या वर्षी मिशिगन, पेन स्टेट असल्या सामन्यांच्या भानगडीत पडू नका, भाव डोळे पांढरे करतील. सप्टेंबरात छोट्या कॉलेजांविरुद्ध सामने असतात. मोठं विद्यापीठ त्यांना घसघशीत पैसे देऊन बोलावतं, मनात हिशोब असतो की हे हरून जातील. २००७ मध्ये मिशिगनने असेच ४ लाख डॉलर देऊन ॲपलाचियन स्टेटला बोलावलं आणि ३४-३२ हरले. ऑफिसात ही गोष्ट तुम्ही आपणहून काढलीत तर महिनाभर जेवणाला कुणी ना कुणी सोबत घेऊन जाईल.

त्या सामन्यांची तिकिटं दुसऱ्या हाताने बरीच स्वस्त मिळतात. सामन्याआधी सेंट जॉन अरीनामध्ये बँडचा कार्यक्रम असतो, तिथे मुलीला घेऊन लवकर जा. मग स्टेडियममध्ये वेळेत बसा, कारण बँड चालत चालत मैदानावर 'ओहायो' हा शब्द लफ्फेदार इंग्रजी अक्षरांत काढतो आणि सूसाफोन हा अंगाभोवती गुंडाळलेला भलामोठा कर्णा वाजवणारा ठुमकत जाऊन 'i' अक्षरावरचं टिंब होतो. १९३६ पासून चाललंय. ती जागा वरिष्ठ वादकाची असते.

पर्स, पाठपिशवी नेऊ नका, पारदर्शक पिशवीच आत सोडतात. बसायला उशी न्या. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिशिगनचा सामना असतो, तेव्हा मुलीला पिवळं-निळं काही घालू नका. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात. आमच्या मंडळाच्या इंग्रजी बॅनरवरही पोरांनी एकदा मारली होती, आणि अध्यक्षांनी ती काढू दिली नाही. ऑगस्टमध्ये पोचलात की कळवा, सप्टेंबरच्या एखाद्या सामन्याला आमच्या गाडीतूनच चला. पार्किंगचे पैसे निम्मे-निम्मे.